मागून पाहिलेला लोखंड्या

सिनेमाचं नाव मी सांगणार नाही. नाव घेतलं की भांडण सुरू होतं, हा माझा जुना अनुभव आहे. सिनेमे दोन, नाव एकच. पहिला ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा, दुसरा तीच गोष्ट घेऊन नव्वदीत नव्याने काढलेला. दोन्हींचा हीरो एका चित्रकथेतून उचललेला. अंगात घट्ट काळा पोशाख, तोंडावर अर्धा मुखवटा आणि एका हातात कोपरापर्यंत चढवलेला लोखंडी मोजा. त्या मोज्याचा ठोसा बसला की भिंतसुद्धा पडायची. सिनेमात त्याला चांगलं भारदस्त हिंदी नाव होतं, पण आमच्या कल्याण-डोंबिवलीकडच्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं लोखंड्या, आणि तेच राहिलं.

हे दोन्ही सिनेमे मी लोकांना दाखवले. पहिला सोळा एमएमच्या मशीनवर, मैदानात कापड बांधून. दुसरा माझ्या डोंबिवलीच्या व्हिडिओ लायब्ररीतून. हल्लीच्या मुलांना मशीन म्हटलं तरी समजावून सांगावं लागतं, म्हणून थोडक्यात सांगतो. थिएटरातल्या फिल्मची पट्टी रुंद असायची, आमची तिच्या निम्म्याहून कमी. मशीन एका ट्रंकेत मावायचं, भोंगा दुसऱ्या ट्रंकेत. सार्वजनिक सत्यनारायण, गणपती, कंपनीच्या चाळींतले कार्यक्रम, अशा ठिकाणी आम्हाला बोलावणं यायचं. मुंबईच्या डेपोतून सिनेमाची रिळं भाड्याने आणायची, दोन बांबूंमध्ये कापड ताणायचं आणि अंधार पडायची वाट बघायची. मशीन एकच, त्यामुळे एक रीळ संपलं की दिवे लावून दुसरं चढवावं लागे. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष माइक हातात घेत, आणि मग दुसरं रीळ तयार असलं तरी सिनेमा काही लवकर सुरू होत नसे.

लोकांना वाटायचं, मशीन चालवणं हे कौशल्याचं काम. ते कोणीही आठवड्यात शिकेल. आमची खरी विद्या कापडात होती. जाड कापड लावलं तर पुढून चित्र झकास, पण मागून काहीच नाही. पातळ लावलं तर दोन्हीकडून दिसतं. आमच्या भागात मैदानं लहान आणि माणसं भरपूर, त्यामुळे मी पातळ मांजरपाट वापरायचो आणि खेळ सुरू व्हायच्या आधी त्यावर चांगलं पाणी मारायचो. ओल्या कापडातून उजेड आरपार जातो. अर्धी माणसं पुढे बसायची, अर्धी मागे.

मागे कोण बसायचं? बायका आणि लहान पोरं. असा नियम कोणी केला नव्हता. पुढे पुरुषांनी दुपारपासून पेपर नि सतरंज्या टाकून जागा धरलेल्या असायच्या. मागे बहुतेक ठिकाणी देवळाचा ओटा नाहीतर कुणाच्या तरी घराच्या पायऱ्या असायच्या, तिथे भिंतीला टेकून, मांडीवर पोर घेऊन बसता यायचं. मी एकदा कल्याणजवळ मोहने गावी एका बाईंना म्हटलं, ‘अहो, पुढे या की, पुढून सरळ दिसतं.’ तर म्हणाल्या, ‘नको भाऊ, आम्हाला मागचंच बरं. पुढे नुसता विड्यांचा धूर.’

मागून चित्र उलटं दिसतं हे आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. उजवं ते डावं होतं. त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. सिनेमाची नावं येताना अक्षरं उलटी दिसायची, तेव्हा एखादी बाई शेजारणीला सांगायची, ‘अगं, उर्दू असतं ते.’ तेवढ्यावर मिटायचं.

लोखंड्याचा जुना सिनेमा आम्ही इतक्या ठिकाणी लावला की त्याचे डायलॉग मला माझ्या लग्नाच्या तारखेपेक्षा चांगले पाठ होते. विठ्ठलवाडीला एका चाळीच्या पूजेला डेपोतून आलेल्या डब्यांवरचे आकडेच चुकले होते. दुसऱ्या रिळाच्या जागी तिसरं लागलं. त्यात व्हिलन भट्टीत पडून मेला. पुढच्या रिळात तो आरामखुर्चीत बसून चहा पीत होता.  आता दगड येणार म्हणून मी मशीनच्या आड सरकलो. कोणी हूं की चूं केलं नाही. माझ्या शेजारचे एक आजोबा नातवाला समजावत होते, ‘हा त्याचा जुळा भाऊ.’ दुसऱ्या दिवशी मंडळाचा सेक्रेटरी खास भेटायला आला. म्हणाला, ‘पिक्चर एक नंबर हां! मेलेला माणूस परत येतो, ते लय भारी दाखवलंय.’ त्या दिवसापासून मी ठरवलं की चित्रकथेच्या सिनेमाला पब्लिक जेवढं माफ करतं तेवढं दुसऱ्या कशाला करत नाही.

पुढे व्हिडिओ आला आणि आमची मशीनं माळ्यावर गेली. माझं मशीन विकत घ्यायला माणसं आली होती दारात, भंगारवाले. मी नाही विकलं. बायको म्हणाली, ‘ठेवा, पूजा करा त्याची.’ मी डोंबिवलीत लायब्ररी टाकली. कॅसेटच्या धंद्यात कष्ट कमी आणि कटकट जास्त. एक गृहस्थ दर रविवारी कॅसेट परत करताना शेवट आवडला नाही म्हणून तक्रार करायचे आणि ‘हाच सिनेमा, पण वेगळ्या शेवटाचा आहे का?’ असं अगदी मनापासून विचारायचे.

नव्वदीत नवा लोखंड्या आला तेव्हा मात्र माझ्या दुकानाचा पार झाला. जुना चांगला की नवा, यावरून रोज वाद. जोशीकाका म्हणून बँकेतले एक गिऱ्हाईक होते. त्यांनी शेजाऱ्याचा टीव्ही आणि व्हीसीआर उचलून घरी आणला, स्वतःच्या टीव्हीशेजारी ठेवला आणि दोन्ही सिनेमे एकदमच लावले. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन निकाल दिला, ‘जुन्यात गोष्ट आहे, नव्यात वेग आहे. गोष्ट बघताना मी जागा होतो. वेग सुरू झाला आणि मला डुलकी लागली.’

मी जुन्याच्या बाजूचा. जुन्यातला लोखंड्या पोटाने जरा सुटलेला, त्याच्या मागचे डोंगर थर्माकोलचे, आणि तो उडायचा तेव्हा दोरी दिसायची. पण एक गोष्ट त्याच्याकडे होती. ठोसा मारायच्या आधी तो समोरच्या गुंडाला म्हणायचा, ‘घर जा, बेटा.’ आणि थांबायचा. खरंच थांबायचा. सबंध मैदान त्याच्याबरोबर ओरडायचं, ‘घर जा!’ एखादा गुंड खरोखर घरी जायचा, त्याला सगळ्यांत जास्त टाळ्या. नव्या सिनेमातला लोखंड्या कोणाला घरी जा म्हणत नाही. त्याचं शरीर पिळदार, दोरी कुठे दिसत नाही, डोंगर खरे, पण तो आला की मारतच सुटतो. मी हे दुकानात सगळ्यांना ऐकवायचो. एकदा माझी मुलगी काउंटरवर बसली होती, ती म्हणाली, ‘बाबा, जुन्यातली हिरोइन सगळा वेळ खांबाला बांधलेली आहे. नव्यातली जीप चालवते.’ मी म्हटलं, ‘हो, पण...’ त्यानंतर मी दोन्ही कॅसेट एकाच फळीवर ठेवायला लागलो.

त्याच दिवसांत एक बाई दुकानात आल्या. वय पंचविशीचं, साधी साडी, पर्स, हातात छत्री. जुना लोखंड्या हवा म्हणाल्या. मी नेहमीप्रमाणे विचारलं, ‘जुना की नवा? नीट सांगा, लोक नंतर भांडतात.’

‘जुनाच. नवा बघितला मी. चूक केलीय त्यांनी.’

‘कसली चूक?’

‘मोजा उजव्या हातात घातलाय. जुन्यात डाव्या हातात होता.’

मी काउंटरवरची वही मिटली. मग विचारलं, ‘तुम्ही जुना सिनेमा कुठे बघितला होता?’

‘मोहन्याला. आमच्या चाळीच्या पूजेला. कापडावर.’

‘आणि बसला कुठे होता?’

‘देवळाच्या ओट्यावर. आईच्या मांडीवर.’

तो ओटा मला चांगला माहीत होता. कापड मीच बांधलं होतं. पण मी तसं म्हणायच्या आत त्या बाई सांगायला लागल्या होत्या.

त्यांचं नाव सुनंदा. डोंबिवलीच्या एका शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवत. लहानपणी त्या डावखुऱ्या. म्हणजे आताही होत्याच, पण तेव्हा तो गुन्हा होता. डाव्या हातात पेन्सिल धरली की गुरुजी पट्टी मारायचे. घरी आजी त्यांचा डावा हात फडक्याने परकराच्या नाडीला बांधून ठेवायची. उजव्याने अक्षर निघायचं नाही. दुसरीत दोनदा बसल्या. आणि मग पूजेला तो सिनेमा आला. गावाला वाचवणारा माणूस, सगळे ज्याच्या नावाने टाळ्या वाजवतात तो, ज्या हाताने सगळं करतो तो हात डावा! ‘काका, मी बघतच राहिले,’ सुनंदा म्हणाली. ‘दुसऱ्या दिवशी आईने माझा हात बांधूच दिला नाही. आजीला म्हणाली, आता बांधायचा नाही. शाळेत जाऊन गुरुजींना सांगून आली, पोर डाव्याने लिहील, तुम्ही मारायचं नाही. त्याच वर्षी मी पास झाले.’

तुम्ही म्हणाल, मागून बघताना सगळेच डावखुरे दिसले असणार. दिसलेच ना. पण सात-आठ वर्षांच्या पोरीला हीरोशिवाय दुसरं कोण दिसतं? आणि लहानपणी मनावर ठसलेली गोष्ट आपण मोठेपणी परत तपासून बघत नाही. देवासारखी ती तशीच ठेवून देतो.

आता प्रसंग असा झाला होता. सुनंदाच्या वर्गात मृणाल नावाची मुलगी होती, तीही डावखुरी. तिला बाईंनी लोखंड्याची गोष्ट सांगितली, आणि पोरगी खुशीत डाव्या हाताने भराभर लिहायला लागली. मग तिच्या वडिलांनी तिला नवा सिनेमा दाखवायला नेलं. तिथे मोजा उजव्या हातात! वडील मुळात डाव्या हाताच्या विरोधातले. ते दुसऱ्याच दिवशी शाळेत आले आणि मोठ्या बाईंसमोर म्हणाले, ‘तुमच्या टीचर पोरांना खोटं शिकवतात. माझी पोरगी सिनेमातल्या थापा ऐकून वाकडी सवय लावून घेतेय. उद्या मोठी झाली, सासरी गेली, की लोक मला बोलणार.’ मोठ्या बाई सुनंदाला म्हणाल्या, तुमचं खरं असेल तर दाखवा, नाहीतर पालकांची माफी मागा आणि हा विषय बंद करा.

‘माझं जाऊ दे हो,’ सुनंदा म्हणाली. ‘मागेन माफी. पण त्या दिवसापासून मृणाल वर्गात डावा हात मांडीखाली दाबून बसते. मी जवळ गेले की मान फिरवते. तिला वाटतं, बाईंनी फसवलं. तिला जुना सिनेमा दाखवला म्हणजे झालं. तेवढ्यासाठी आलेय मी.’

आता काय करावं? धंद्याच्या छप्पन भानगडी मी निस्तरल्या होत्या, पण असं कधी अंगावर आलं नव्हतं. कॅसेट दिली असती तर ती बिचारी सगळ्यांसमोर तोंडावर पडली असती. मी फळीवरची कॅसेट काढून दुकानातल्याच टीव्हीवर लावली. पहिल्या मारामारीपर्यंत कॅसेट पुढे पळवली. लोखंड्या आला, ‘घर जा, बेटा’ म्हणाला, थांबला आणि त्याने मोज्याचा हात वर उचलला. उजवा.

सुनंदा टीव्हीच्या अगदी जवळ गेली. ‘काका, ही कॅसेट उलटी छापलीय का?’

‘नाही हो. कॅसेट सरळ आहे. तुम्ही मागे बसला होता.’

मी तिला कापडाची गोष्ट सांगितली. पाणी मारल्याची, उजेड आरपार जाण्याची. ती स्टुलावर बसली. मला वाटलं, हसेल. हसली नाही. स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत होती. मग रागावून म्हणाली, ‘तुम्हाला माहीत होतं ना उलटं दिसतं ते? मग कोणाला सांगितलं का नाहीत?’

‘कोणी विचारलंच नाही,’ मी म्हटलं, आणि खरं तेच होतं.

‘म्हणजे मृणालचे वडील बरोबर. मीच खोटी.’

ती छत्री घेऊन निघून गेली. कॅसेट नेली नाही.

मला दिवसभर चैन पडेना. वाईट वाटत होतं, आणि थोडा रागही येत होता. खोटी कशी? ओट्यावर बसलेल्या सगळ्या बायकांनी डोळ्यांनी बघितलं होतं. मी बांधलेल्या कापडावर बघितलं होतं. मी जर खोटं दाखवलं नव्हतं, तर तिने खोटं पाहिलं कसं? संध्याकाळी बायकोला म्हटलं, ‘माळ्यावरचं मशीन काढायचंय.’ ती म्हणाली, ‘पूजेला मुहूर्त लागला वाटतं!’ पण शिडी तिनेच धरली.

मशीन ठीक होतं. पट्टे बदलावे लागले, दिवा नवीन घातला. प्रश्न रिळाचा होता. डेपो कधीच बंद झाला होता. शेवटी ठाण्याला आमच्याच धंद्यातला एक जुना माणूस आठवला. त्याने डेपो बंद होताना रिळं भंगारच्या भावाने घेऊन ठेवली होती. त्याच्याकडे लोखंड्याचं एकच रीळ उरलं होतं, ओरखडे पडलेलं, पण पहिल्या मारामारीचं. रीळ पिशवीत घालून मी तसाच सुनंदाच्या शाळेत गेलो.

मधल्या सुट्टीत तिला व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, ‘कापड बांधून दाखवतो. दोन्ही बाजूंनी.’ तिला कळायला क्षणभर वेळ लागला. मग म्हणाली, ‘एका अटीवर. आधी कोणाला काही सांगायचं नाही. मुलांचं मुलांनाच कळू दे.’ अट चांगली होती. मी कबूल केली.

शनिवारी दुपारी शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या लावल्या. मध्यभागी कापड बांधलं. पाणी मारलं, तेव्हा शिपाई म्हणाला, ‘अहो, फरशी खराब होते.’ मी त्याला म्हटलं, ‘पिक्चर बघायचाय ना? मग पुसून घ्या.’ अर्धा वर्ग पुढे बसवला, अर्धा मागे. मृणाल पुढे. तिचे वडील पुढे खुर्चीवर, हाताची घडी घालून. मोठ्या बाई त्यांच्या शेजारी. मागे मुलांमध्ये नऊवारीतल्या एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. सुनंदाची आई, मोहन्याहून आलेली. लेकीने तिला नुसतं ‘सिनेमा आहे, ये’ एवढंच सांगितलं होतं.

मशीनचा खडखडाट सुरू झाला आणि मी इतक्या वर्षांनी त्याच जुन्या सवयीने फोकस नीट केला. कापडावर थर्माकोलचे डोंगर आले. नव्या सिनेमाची सवय असलेली पोरं खिदळायला लागली. दोरी दिसली तेव्हा तर हॉल डोक्यावर घेतला. मग गुंड आले, त्यांनी एका म्हातारीची घागर फोडली, आणि लोखंड्या आला. ‘घर जा, बेटा.’ थांबला. मघाशी खिदळणारी पोरंही थांबली. त्याने हात उचलला.

‘उजवा!’ पुढून एक पोरगा ओरडला. ‘बघ, उजवाच आहे!’

‘ए, डावा आहे!’ कापडामागून आवाज आला.

‘उजवा!’

‘डावा, डावा! आंधळा आहेस का?’

असा गलका झाला की मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. मृणालचे वडील समाधानाने मान हलवत होते. मी मशीन थांबवलं. सुनंदा पुढे आली आणि शांतपणे म्हणाली, ‘आता जागा बदला. पुढचे मागे, मागचे पुढे. काका, परत दाखवा.’

रीळ मागे घेतलं, परत लावलं. या वेळी हात वर झाला तेव्हा कोणीच ओरडलं नाही. तीस-चाळीस पोरं तोंडं उघडी ठेवून बघत होती. मग एक उठला, कापडाच्या कडेने धावत पलीकडे गेला आणि परत अलीकडे आला. मग सगळीच उठली. नुसती पळापळ. माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या कापडाला एवढा मान कोणी दिला नव्हता. मी रीळ पुन्हापुन्हा मागे घेत राहिलो.

मृणाल पळाली नाही. ती कापडाच्या कडेला उभी राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. सुनंदा तिच्या वडिलांपाशी गेली. ‘साहेब, तुमचं बरोबर होतं. मोजा उजव्याच हातात आहे. मी मागून बघितला होता, मला ते कालपरवापर्यंत माहीत नव्हतं. जरा मागे येता का?’

वडील अवघडले. सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? मागे जाऊन मुलांच्या बाकावर गुडघे वर करून बसले. मी परत हात वर करवला, गुंड परत कोसळला. वडील म्हणाले, ‘ते ठीक आहे टीचर, दिसतो डावा. पण खरा तर उजवाच ना?’

त्यावर मृणाल बोलली. त्या दुपारी पहिल्यांदाच.

‘पण पप्पा, गुंड दोन्हीकडे पडतो.’

वडिलांनी तिच्याकडे बघितलं. मग कापडाकडे. मोठ्या बाईंना हसू आवरेना, त्यांनी पदर तोंडाला लावला. वडील बाकावरून उठले. सरळ माणूस होता तो, नुसता घाबरलेला. लोक काय म्हणतील याला घाबरून पोरीचा हात धरून बसलेला. शेवटी म्हणाले, ‘अक्षर चांगलं काढशील?’

‘डाव्याने चांगलं येतं.’

‘मग काढ,’ ते म्हणाले.

मृणालने हॉलमधल्या फळ्याकडे जाऊन डाव्या हातात खडू घेतला आणि मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर खरंच सुरेख होतं. मला माझ्या धंद्यात कंत्राटं मिळाली, कौतुक झालं, एकदा पेपरात नावही आलं होतं. पण त्या फळ्याकडे बघून जे वाटलं तसं कधी वाटलं नव्हतं. डोळे भरून आले, ते मी मशीनवर वाकून लपवले.

वर्ग सुटला. सतरंज्या निघाल्या, हॉलमध्ये ऊन आलं. मी कापड सोडून घडी घालत होतो. सुनंदा आईजवळ बसली होती, आई पदराने घाम पुसत होती.

‘आई, तुला कळलं का गं? आपण मागे बसलेलो म्हणून. तो उजवाच होता.’

‘ते मला ठाऊक होतं,’ आई म्हणाली.

‘आत्ता कळलं ना?’

‘आत्ता नाय गं. तेव्हाच. मधी तुझ्या बापाला बोलवायला पुढं गेलेले ना मी, चावी त्यांच्याकडं होती. तिथून दिसला मला नीट. उजवा हात. तुझे बाबा बोलले पण, बस इथंच, जागा आहे, पोरीला पण आण.’

सुनंदा आईकडे वळली. मग हळूच म्हणाली, ‘मग मला सांगितलं का नाहीस? पुढे का नाही नेलंस?’

आईने लेकीचा डावा हात आपल्या हातात घेतला, खडूची पूड लागलेला.

‘परत आले तर तू ओट्यावर उभी होतीस. नाडीला बांधलेल्या फडक्याची गाठ तूच सोडलेली. हा हात असा वर धरलेला आणि हसत होतीस. किती दिवसांनी हसलेलीस. मग मी पण तिथंच मागं बसले तुझ्याजवळ.’

माझी घडी घालून झाली होती. ती मी उलगडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला लागलो.